सागवानी पिंपाच्या झाकणाला कोणता खटका बसवावा आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला मल्हारगंजातल्या जुन्या घरात पट्ट्यांनी बांधलेलं सागवानी पिंप आहे. उंची 450 मिमी, वरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास 380 मिमी, फळी 20 मिमी जाड, वरून खाली किंचित निमुळतं. त्यात गहू नाहीतर वाळवण ठेवायचं आहे. सुताराने उन्हाळ्यात नवं झाकण करून काठाच्या आत बसवलं आणि एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कडी-कोयंडा लावला. पावसाळ्यात झाकण असं आवळलं की उलथनं घालून काढावं लागलं. आता मे महिन्यात त्याच्या कडेने मुंग्या आणि उंदराचं पिल्लू जाईल एवढी फट दिसते. यावर एखादा मजबूत खटका लावून झाकण घट्ट करता येईल का?

मजबूत खटक्याने हे सुटणार नाही. फट बुजवायचं काम सपाट काठ आणि गास्केट, म्हणजे सांध्यात दबून बसणारी मऊ नळी किंवा पट्टी, करतात. खटक्याने फक्त चारही बाजूंनी सारखा दाब धरून ठेवायचा असतो. तुमच्याकडे झाकण चुकीच्या दिशेने बसवलेलं आहे, तिथे कितीही जाड खटका लावलात तरी पावसाळ्यात तो लाकूड फाडेल किंवा स्क्रू उपटेल. म्हणून आधी झाकण, मग गास्केट, शेवटी खटका, असा क्रम धरा.

लाकूड कुठल्या दिशेला किती हलतं ते आधी बघू, कारण पुढची सगळी मापं त्यावर ठरतात. इंदूरची हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. घरात ठेवलेल्या लाकडातला ओलावा साधारण 6-7 टक्क्यांवरून 13-14 टक्क्यांपर्यंत चढतो. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलतं, पण हलतं. ओंडका सपाट चिरून काढलेली फळी रुंदीत, ओलाव्याच्या दर एका टक्क्याला, सुमारे 0.2 टक्के फुगते. उभ्या चिरेची फळी, म्हणजे जिच्या टोकाला वर्षांच्या रेघा उभ्या दिसतात ती, त्याच्या निम्म्याहूनही कमी. 380 मिमीच्या झाकणात हिशेब केला तर सपाट चिरेत सुमारे 5 मिमी, उभ्या चिरेत 2 मिमीच्या आसपास. हा फरक फक्त रेशांच्या आडव्या दिशेत पडतो. रेशांच्या लांबीत लाकूड जवळजवळ जागचं हलत नाही. त्यामुळे मे महिन्यात गोल कापलेलं झाकण ऑगस्टमध्ये लंबगोल होतं, आणि काठाच्या आत बसवलेलं असेल तर दोन बाजूंनी रुतून बसतं.

याच नियमाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. पिंपाच्या फळ्या उभ्या असतात, रेशेही उभे. म्हणजे पिंपाची उंची वर्षभरात एक मिलिमीटरही बदलत नाही, काठाची पातळी तीच राहते. म्हणून झाकण काठाच्या आत न बसवता काठावर ठेवा आणि वरून खाली दाबा. आडवं किती का पसरेना, दाबाची दिशा उभी असल्याने खटक्याचं माप बिघडत नाही.

झाकण नव्याने करायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत करा. तेव्हा लाकडातला ओलावा मधल्या टप्प्यावर असतो, दोन्हीकडे सारखी जागा सुटते. 22 मिमी जाडीच्या, शक्यतो उभ्या चिरेच्या, सुमारे 80 मिमी रुंद पाच फळ्या जोडून पाट करा. दोन रुंद फळ्यांचं झाकण दिसायला छान, पण वाटीसारखं वळतं. बाहेरचा व्यास पिंपाएवढाच, 380 मिमी ठेवा. जुनं झाकण वापरता येणार नाही, ते काठाच्या आतल्या मापाचं आहे.

आता आडपट्ट्या. सुतार बहुतेक वेळा त्या झाकणाच्या खालून लावतात आणि सगळे स्क्रू आवळून टाकतात. दोन्ही गोष्टी टाळा. खालून लावल्या तर त्यांच्या सांदीत पीठ आणि किडे साठतात. आवळून टाकल्या तर झाकणाच्या फळ्यांना फुगायला जागा राहत नाही. मग पावसाळ्यात झाकण कमानीसारखं उठतं आणि उन्हाळ्यात मधून चिरतं. सागवानाच्याच 40 मिमी रुंद, 20 मिमी जाड दोन पट्ट्या घ्या आणि झाकणाच्या वरच्या अंगाला, रेशांना काटकोनात, मध्यापासून दोन्हीकडे 90 मिमी अंतरावर बसवा. प्रत्येक पट्टी साधारण 334 मिमी लांब होईल. टोकं झाकणाच्या गोलाईत कापून घ्या. प्रत्येकीला तीनच स्क्रू, 8 नंबरचे, 35 मिमी लांब. मधला स्क्रू घट्ट. कडेच्या दोन स्क्रूंसाठी पट्टीत गोल भोक न पाडता 4.5 मिमी रुंद आणि 9 मिमी लांब खाच पाडा, तिची लांबी पट्टीच्याच दिशेत. स्क्रूखाली वायसर टाका आणि हाताला लागेल इतपतच आवळा. आडपट्टी आणि झाकण यांच्यात फेविकॉल अजिबात लावायचं नाही. झाकण मग मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे मोकळेपणी सरकतं, पण वळत नाही.

या आडपट्ट्यांचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. पट्टीचे रेशे तिच्या लांबीत असतात, म्हणून तिची टोकं वर्षभर जागच्या जागी राहतात. झाकणाची कड सरकते, पट्टीचं टोक सरकत नाही. खटक्याचा हूक झाकणावर न लावता या चार टोकांवर लावला की खटका बारा महिने एकाच रेषेत लागतो. तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत म्हणून तीन खटके पुरेत, असं पुष्कळदा सांगितलं जातं. लोखंडी झाकणाला ते बरोबर आहे. लाकडी झाकणाला मी दोन पट्ट्यांच्या चार टोकांवर चार खटके सांगेन. डुगडुग मऊ गास्केट सामावून घेतं.

काठ सपाट करण्यात घाई करू नका. पिंपाचे पट्टे आधी ठोकून नीट बसवा, हलणाऱ्या फळ्यांवर काठ घासण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा सहसा चांगला सपाट असतो. ओट्यावर खडू चोळा, पिंप उलटं करून त्यावर ठेवा आणि थोडं फिरवा. जिथे खडू लागला ती उंच जागा. पिंप सरळ करून तेवढीच जागा, सपाट प्लायवूडच्या तुकड्याला चिकटवलेल्या 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. खडू पूर्ण गोलात लागेपर्यंत हेच करत राहा. काठावर रंधा मारायचा मोह आवरा, तिथे रेशांची टोकं वर आलेली असतात आणि बाहेरच्या कडेचे टवके उडतात. शेवटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा राहता कामा नये.

गास्केटसाठी खाण्याच्या वस्तूंना चालणारी सिलिकॉनची पोकळ नळी घ्या, बाहेरचा व्यास 8 मिमी. भरीव रबरी दोरी नको. रबर दाबलं की आकार बदलतं, आकारमान नाही. खाचेत पसरायला जागा नसेल तर ते दगडासारखं अडतं आणि तुम्ही खटका अजून आवळत बसता. नमदा किंवा फोमही नको, किडे त्यातच घर करतात. झाकणाच्या खालच्या अंगाला 180 मिमी त्रिज्येवर 9 मिमी रुंद, 5 मिमी खोल गोल खाच राउटरने, म्हणजे खाच पाडायच्या यंत्राने, पाडा. नळी 3 मिमी बाहेर राहील. खटके लावल्यावर ती 2 मिमी दबली पाहिजे, म्हणजे झाकण आणि काठ यांच्यात सगळीकडे 1 मिमी सारखी फट दिसेल. ही फट दिसणं हीच खूण आहे. पूर्ण मिटली तर खटके जास्त ओढताहेत. उंदराच्या पिल्लाला शिरायला साधारण 6 मिमी फट लागते, आणि मुंगीला नळी अडवते. झाकण आडवं सरकलं तरी काठ 20 मिमी रुंद असल्याने नळी काठावरून खाली उतरत नाही. नळी कापताना 5 मिमी जास्त ठेवा. ताणून बसवली की काही महिन्यांत आखडते आणि सांध्यात उघडते. सांधा तिरपा कापून सिलिकॉननेच जोडा, पण आंबट वास येणारं सिलिकॉन घेऊ नका आणि जोडल्यावर एक पूर्ण दिवस वाळू द्या. खाचेत नळी पाच-सहा ठिकाणीच चिकटवा, बाकी मोकळी.

खटक्यात किती जोर हवा, हे घरच्या वजनकाट्यावर मोजता येतं. नळीचा 10 सेमी तुकडा काट्यावर ठेवा, वर लहानशी फळी धरून 8 ची 6 मिमी होईपर्यंत दाबा आणि आकडा वाचा. खाचेचा घेर 113 सेमी आहे, म्हणून आकड्याला 11.3 ने गुणा. समजा काटा 700 ग्रॅम दाखवतो, तर एकूण जोर 8 किलोच्या आत आणि एका खटक्यावर 2 किलो. एवढ्यासाठी ट्रकच्या फाळक्याला लावतात तसले खटके घ्यायची गरज नाही. मोठा खटका घेतला की तो पूर्ण आवळायची इच्छा होते आणि लाकडाचं नुकसान तिथून सुरू होतं.

घ्यायचा तो दांडीचा टॉगल लॅच, कडीला आटे असलेला, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येते. अशा खटक्याची करामत एकाच जागी असते. दांडी दाबत जाताना ओढ वाढत जाते, एका बिंदूला सर्वांत जास्त होते आणि तो ओलांडला की दांडी आपोआप खाली जाऊन बसते. त्या क्षणानंतर कडीची ओढ दांडीला उघडण्याऐवजी अजून मिटवते. दुकानात तपासताना दांडी बोटाने हळूहळू दाबा; शेवटच्या टप्प्यात जोर लागून टक्‌ असा आवाज आला पाहिजे. सुरुवातीपासून सैल जाऊन तशीच मिटली, तर कडी लांब आहे किंवा खिळी झिजकी आहे. असा खटका भांडी हलवताना नुसत्या धक्क्याने उघडतो. घरात लहान मुलं असतील तर दांडी अडवणारी छोटी जीभ असलेला प्रकार घ्या.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत हे मिळतात. पॉलिश केलेला लोखंडी, झिंक चढवलेला आणि स्टीलचा असे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी लटकलेले असतात आणि लांबून सारखेच चमकतात. 304 दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. चुंबक लागत नाही म्हणजे 304, असं काउंटरवर सांगतील. ते खरं नाही. 202 या दुसऱ्या दर्जाच्या स्टीललाही चुंबक लागत नाही, आणि 304 वाकवून घडवलेलं असेल तर त्याला थोडं लागतंही. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून करायची चाचणी असते, ती समोर करून घ्या. कोरड्या धान्याला 202 चालून जाईल. मीठ, खारवलेल्या मिरच्या किंवा सांडगे ठेवणार असाल तर नाही; मिठाने 202 वर टिपके पडतात आणि खिळीत गंज धरला की खटक्याची टक्‌ जाते. साधं लोखंड ओल्या सागवानाला काळे डाग पाडतं. पितळ दिसायला शोभतं, पण आंबट किंवा खारट वस्तूच्या वाफेने हिरवं पडतं, म्हणून आतल्या बाजूला पितळेचा स्क्रूसुद्धा पोचता कामा नये.

पिंपाच्या बाजूला खटका कुठे लावायचा? फळीत सरळ स्क्रू मारून नको. फळी 20 मिमीची, स्क्रू जेमतेम 15 मिमी धरणार, रोज ओढ बसणार. त्यातून खटक्याची पाटी दोन फळ्यांच्या सांध्यावर आली तर दोन्ही फळ्या आपापल्या परीने हलतात आणि एका पावसाळ्यात स्क्रू सैल होतात. त्यापेक्षा काठाखाली 40 मिमीवर 304 चा 25 मिमी रुंद, 2 मिमी जाड वेगळा पट्टा घाला आणि चारही खटके त्यावर लावून घ्या. पट्ट्याची दोन टोकं बाहेर वाकवून कान करायचे, त्यातून एम 6 चा, म्हणजे 6 मिमी जाडीचा बोल्ट. सांवेर रोडवरच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला हे काम नवीन नाही. त्याला तीन गोष्टी लिहून द्या. पट्टा पिंपाच्या निमुळतेपणाला जुळेल असा तिरपा वळवायचा, नुसता सरळ गोल नाही. खटक्यांच्या जागा आडपट्ट्यांच्या टोकांसमोर येतील अशा झाकण प्रत्यक्ष ठेवून आखायच्या, टेपने चार समान भाग करून नाही. ही टोकं वर्तुळावर समान अंतरावर येत नाहीत. आणि प्रत्येक खटक्याखाली 4 मिमीची पट्टी टाकायची, म्हणजे पावसाळ्यात झाकण बाहेर आलं तरी कडी त्याला घासणार नाही.

तुमचं पिंप वर रुंद, खाली निमुळतं आहे हे इथे कामाला येतं. खटके पट्ट्याला वर ओढतात, आणि वर पिंप रुंद असल्याने पट्टा जास्तच आवळून बसतो. पिंप उलट्या घाटाचं, म्हणजे तोंडाशी अरुंद असतं, तर हाच पट्टा वर सरकून निसटला असता. तसल्या पिंपात पट्टा प्रत्येक तिसऱ्या फळीला एका छोट्या स्क्रूने अडकवावा लागतो.

आडपट्टीच्या टोकाला हूक लावताना एक चूक हमखास होते. टोकाच्या छेदात स्क्रू मारतात. तिथे रेशे स्क्रूच्या दिशेत असतात, पकड फार कमी, दोन-तीन महिन्यांत स्क्रू गुंडीसारखा हातात येतो. 1.5 मिमी पत्र्याचा काटकोनी तुकडा करून घ्या, 25 मिमी रुंद. त्याचा 35 मिमी भाग आडपट्टीच्या वर, दोन स्क्रूंनी. हूक उभ्या भागावर. सागवानात आधी 2.5 मिमीचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका आणि स्क्रूला मेण लावा. सागवानात बारीक सिलिका असते, ड्रिलचं पातं लवकर बोथट होतं. धूर निघायला लागला की पातं बदला, जोर वाढवू नका.

जुळवणी अशी करा. झाकण ठेवा, चारही कड्या हूकमध्ये अडकवा, दांड्या अर्ध्याच मिटवा. मग समोरासमोरची एक जोडी पूर्ण, नंतर दुसरी. फटीत 1 मिमी जाडीचा पत्र्याचा तुकडा सगळीकडे सारखा जातो का बघा. जिथे जात नाही तिथली कडी थोडी लांब करा, जिथे ढिला पडतो तिथली आखूड. एम 5 च्या आट्याला एक पूर्ण फेरा म्हणजे 0.8 मिमी, म्हणून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने चला. बसलं की कडीच्या नटावर दुसरा नट आवळून अडकवा.

बिजागरी काढूनच टाका. बिजागरीच्या बाजूला उंची कायमची ठरून जाते, तिथे नळी कधी चिरडते तर कधी टेकतच नाही, आणि झाकण उघडताना ती घासून निघते. झाकण हरवू नये म्हणून छोटी साखळी पुरे. केमिकलच्या ड्रमला असते ती तोंडाभोवतीची एकच लीव्हर रिंगही विचारात घेऊ नका. तिला पक्कं गोल झाकण लागतं आणि आपलं ऑगस्टमध्ये लंबगोल होणार. पिंपाच्या तोंडाचा व्यास 500 मिमीच्या वर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे मधोमध आडवी सपाट पट्टी, तिची टोकं दोन हूकांत आणि मध्ये हाताने फिरवायचा मोठा बोल्ट जास्त बरा. फक्त बोल्टखाली स्प्रिंग वायसर आणि खाली चांगली जाड आडपट्टी हवी, नाहीतर झाकण मधून दबतं आणि कडा उचलल्या जातात.

धातू नकोच असेल, विशेषतः मिठाच्या पिंपाला, तर जुनी लाकडी पद्धत आजही उत्तम चालते. समोरासमोरच्या दोन फळ्या काठाच्या वर 70 मिमी उंच ठेवायच्या, झाकणाला तेवढ्या खाचा, उंच फळ्यांत चौकोनी भोकं. त्यातून झाकणावर आडवा अडसर आणि अडसराखाली दोन पाचरी. पाचरीचा उतार 1 ला 8 ठेवा. याहून फार तीव्र केलात तर ती मागे सरकू शकते. हे मात्र नवं पिंप बांधतानाच जमतं.

आतून व्हार्निश किंवा पॉलिश नको. केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन आणि मधमाश्यांचं मेण एकत्र कोमट करून पातळ हात द्या. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल लावलं तर ते खवट होतं आणि तो वास गव्हाला लागतो. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेलही टाळा, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं असतात. झाकणाच्या दोन्ही अंगांना सारखा हात द्या. फक्त वर लावलात तर खालची बाजू दमट हवा जास्त ओढते आणि झाकण वळतं.

एवढं करूनही लाकडी पिंप हवाबंद होत नाही, तसं धरूनही चालू नका. झाकण बाहेरून येणाऱ्या मुंग्या, उंदीर आणि दमट हवेचा झोत अडवतं. सोंडकिडे आणि डाळीतले भुंगेरे बहुतेक वेळा दाण्यासोबतच घरी येतात. छावणीच्या बाजारातून आणलेला गहू मे महिन्याच्या उन्हात पसरून, दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच भरा. गरम भरला तर वाफ झाकणाखाली धरते आणि वरच्या थराला बुरशी येते. कुरडया-पापडांचंही तसंच. लोणच्याला मात्र हे पिंप वापरू नका, त्याला चिनी मातीची बरणीच हवी.

वर्षातून दोनदा हात लावावा लागेल. जुलैच्या सुरुवातीला पट्ट्याचा एम 6 बोल्ट अर्धा फेरा सैल करा. फुगणाऱ्या फळ्यांना जागा मिळाली नाही तर त्यांच्या कडा आतल्या आत चेपतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या चेपलेल्या सांध्यांतूनच उजेड दिसतो. मार्चच्या शेवटी बोल्ट परत आवळा आणि 1 मिमीच्या पत्र्याने फट तपासा. नळीवर काठाची कायमची घळ उमटली असेल आणि झाकण काढून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशीही ती भरून आली नसेल, तर नळी बदला. कडी आखूड करून ती चालवायचा प्रयत्न केलात की चार-सहा महिन्यांत खटक्याच्या खिळ्या झिजतात.